गळ टाकणाऱ्याची कैफियत

नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला की आपल्याकडच्या शहाण्यांना एकदम वेळेची किंमत आठवते. तोच शहाणा पुलाच्या कठड्याशी उभा राहून अर्धा तास त्या गळाकडे पाहत असतो, हा भाग वेगळा! मी मीना नदीच्या काठच्या एका गावी मुलांना मराठी शिकवतो, कादंबऱ्या लिहितो आणि रविवारी मासे धरतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना समाजात मान आहे. तिसरी मास्तराला शोभत नाही, असे एका पालकाने शाळेकडे लेखी कळवले आहे. दिवाळीच्या फराळाशेजारी भांडण मांडू नये, हे मला कळते. परंतु वाचकहो, आरोप लेखी असेल तर जबाबही लेखीच दिला पाहिजे.

पहिला आरोप हिंसेचा. मुक्या जीवाच्या तोंडात आकडा अडकवणारा माणूस मुलांना काय शिकवणार? असे विचारणाऱ्या एका सद्गृहस्थांना मी अदबीने विचारले, आपल्या घरचे सांडपाणी कोठे जाते? ते ओढ्यात जाते. ओढा नदीला मिळतो. शिवाय गणपती गेले, नवरात्र उठले की निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, वर गाठ मारून, नदीच्या स्वाधीन. माझ्या गळाला दिवसाकाठी चार मासे लागतात. पुष्कळदा एकही नाही. पण घाणीने पाण्यातला प्राणवायू संपला की उन्हाळ्यातल्या एखाद्या पहाटे साऱ्या डोहातले मासे तोंडे वर काढून हवेसाठी धडपडतात आणि उन्हे वर येईतो पांढरी पोटे करून काठाला लागतात. त्या दिवशी मुक्या जीवांसाठी कोणाचे डोळे ओले झालेले मी पाहिले नाहीत. नाकाला रुमाल मात्र सगळ्यांनी लावला होता.

दुसरा आरोप रिकामपणाचा. ठीक आहे, मग उद्योगी माणसे नदीवर काय करतात तेही पाहू. विहिरीच्या कामातून उरलेली जिलेटीनची कांडी वात पेटवून डोहात टाकतात. त्या हादऱ्याने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. वर येतात तेवढे हाती लागतात. बाकीचे तळाला बसून कुजतात, आणि बोटाएवढ्या पिलांचा हिशेब तर कोणीच करीत नाही. दुसरे उद्योगी ब्लीचिंग पावडर ओततात. तिने माशांचे कल्ले जळतात आणि पाण्यातले किडेही मरतात. म्हणजे मासा गेला आणि पुढच्या माशाचे अन्नही गेले. पूर्वीही लोक गेळफळ कुटून टाकीतच होते, असा एक बचाव असतो. टाकीत होते, आणि मी त्याचे समर्थन करीत नाही. पण ते फळ रानात वेचावे लागे, कुटावे लागे. पावडरीचे पोते दुकानात मिळते. सुरुंग आणि विष या दोहोंना १८९७ सालच्या कायद्यानेच मनाई केली. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. मनाई आजही आहे. ती मोडणारा गावात 'खटपट्या' म्हणून मिरवतो, आणि रिकामटेकडा मी!

आता थोडे कडू बोलतो. माझे खवय्ये मित्र दुखावतील. 'चढणीचे मासे' म्हटले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. पण मृगाच्या पहिल्या लोंढ्याला मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो तो हौसेने नव्हे, अंडी घालण्यासाठी. नेमके त्याच वेळी ओढ्याच्या तोंडाशी जाळे लागते. गाभोळी चवीला उत्तम असते, याबद्दल वाद नाही. मात्र ती कशाची बनलेली असते, एवढे तरी ताटावर बसताना आठवावे. मी त्या दिवसांत गळ घरी ठेवतो. तसेच मरळीचे. तिच्या लालसर पिलांचा घोळका पाण्यावर तरंगत असतो आणि खाली आईबाप राखण करतात. त्या वेळी ती जवळ आलेल्या कशावरही धावून जाते, म्हणून धरायला सर्वांत सोपी. असल्या मरळीला बेडकी दाखवणाऱ्याला मी गळवाला म्हणत नाही.

कारण गळ हे पाणी ओळखण्याचे काम आहे. ज्वारीच्या ताटाचा भेंड तंगुसाला बांधून तरंगता ठेवायचा, खाली कणकेची गोळी. पण उंबर पिकले असेल तर कणीक विसरावी, झाडाखालच्या पाण्यात उंबरच द्यावे. आपली सावली पाण्यावर पडली की कोळस नाहीसा झालाच. गोटे कोठे आहेत, वाळू कोठून नेली, नळ कोठे फुटला, हे सारे गळवाल्याला अहवाल न वाचता कळते.

मी वर्गात विचारले, आपल्या नदीतले मासे सांगा. पहिले उत्तर आले, चिलापी! हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्यापुढे मुले अडली. पापलेट-सुरमई मात्र सगळ्यांना पाठ. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने उचलली. खुदरी, कोळस, मळ्या, शिंगाळा ही नावे जगातले शास्त्रज्ञ अजून लिहितात. आम्ही ती विसरलो. त्याने खुदरीचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळामुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यावर फेस आणि जलपर्णी. इंग्लंडात 'चब' नावाचा एक मासा आहे. काटेरी आणि बेचव म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, त्यात या बापड्या माशासाठी प्रकरण घातले आणि धरल्या दिवशीच रांधा, असे बजावले. आमच्या कोळसाला तेवढी तरी जागा कोणी दिली? आमच्या दिवाळी अंकांत नदी येते ती बहुधा प्रेयसीच्या डोळ्यांत.

आणि माझी मागणी तरी काय आहे? महाड तालुक्यात वाळणकोंडला काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात. त्यांना कोणी हात लावीत नाही. मीनेवरही पुलाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात न आटणारा एक डोह आहे. तो राखून ठेवावा, तिथे जाळे नको, पावडर नको, माझा गळही नको, असा अर्ज मी लिहिला आहे. अकरा सह्या झाल्या आहेत. त्यांतल्या सात गळवाल्यांच्या आहेत.