सुईवाचून लस

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने बाही वर सारली की दंडावर देवीचा वण दिसतो. गावात ‘देवी डॉक्टर’ आला की पोरे माळ्यावर दडत आणि आया त्यांना ओढून खाली आणीत, ही आठवण किनारपट्टीच्या घराघरांतून आजही सांगितली जाते. त्या वणानेच १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. ती लस मांसात खोल टोचली जात नसे, कातडीवर ओरखडून मुरवीत, हे मात्र आपण विसरलो. आज शास्त्रज्ञ पुन्हा कातडीकडे वळले आहेत; आणि या वेळी ओरखडाही नको, असे त्यांचे म्हणणे आहे.

कातडीचा बाह्य थर केसाहूनही पातळ, पण अभेद्य. विटांच्या भिंतीत चुना असावा तसे त्यातील मृत पेशींमध्ये स्निग्ध द्रव्य भरलेले असते. निकोटिनसारखे लहान रेणू त्यातून निसटतात. इन्सुलिनसारखा मोठा रेणू अडतो. हा चुना काही काळ सैल करण्याचे काम ‘आयनिक द्रव’ करतात. स्वयंपाकाचे मीठ वितळायला सुमारे ८०० अंश उष्णता लागते. आयनिक द्रव हेही क्षारच, पण शंभर अंशांखाली, बहुधा साध्या हवेतही, पातळ राहणारे. मुंबईच्या यू.डी.सी.टी.त शिकलेले आणि आता हार्वर्ड विद्यापीठात असलेले प्रा. समीर मित्रगोत्री यांनी कोलीन हे पोषकद्रव्य आणि जिरानिक आम्ल यांपासून असा द्रव सिद्ध केला. त्याच्या साहाय्याने उंदरांच्या कातडीतून इन्सुलिन शरीरात पोहोचले. लशीच्या बाबतीत हे संशोधन अद्याप मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांपुरतेच आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

सुई नको, ही मागणी केवळ भित्र्या मुलांची नव्हे. २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या, हेपटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले. सुई नसती तर तो अनर्थ घडता ना.

परंतु सुई काढली म्हणजे काम संपले, असे मानणे भोळेपणाचे होईल. करोनावरील ‘झायकोव-डी’ ही अहमदाबादेत तयार झालेली लस सुईविना, दाबाच्या बारीक धारेने कातडीत सोडली जाई. ऑगस्ट २०२१ मध्ये तिला मान्यता मिळाली, जगातली पहिली डीएनए लस म्हणून गौरवही झाला. पण एका मात्रेला २६५ रुपये, त्यावर टोचणीच्या उपकरणाचे ९३ रुपये आणि अशा मात्रा तीन! साध्या सुईच्या लशी तोवर गावोगाव पोहोचल्या होत्या. नव्या युक्तीला किंमत आणि वेळ या दोन्ही कसोट्या लागतात, हा यातला धडा होय.

म्हणूनच आमची दृष्टी सुरतेकडे जाते. लिंबायत आणि उधन्याच्या वस्त्यांतून खानदेशातले हजारो मराठी कुटुंबीय राहतात. माग बारा-बारा तास चालतो. मुलाला लस देण्यासाठी आईला रोजावर पाणी सोडावे लागते, आणि गावी जाऊन परतेपर्यंत पुढची मात्रा चुकते. आशासेविकेने दारात येऊन दंडावर पट्टी लावावी आणि काम व्हावे, याचे मोल अशा घरांना जितके कळेल तितके प्रयोगशाळेला कळणार नाही. याच शहरात रसायनांचे कारखाने आहेत, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. या तिघांनी आरंभापासून एकत्र बसावे, असे आम्ही सुचवितो. हा द्रव तान्ह्या मुलाच्या कोवळ्या कातडीला कितपत सोसतो, वारंवार लावल्यास काय होते, पट्टी उन्हाळ्यात किती दिवस टिकते आणि तिची किंमत काय, हे प्रश्न शेवटी नव्हे, प्रथम विचारले जावेत. द्रव ‘हरित’ म्हणविला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून बेकायदा ओतलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगारांचे प्राण घेतले, ही गोष्ट सुरत तरी विसरू शकत नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यानंतर ते शहर सावरले ते कोणा जादूच्या औषधाने नव्हे. महापालिकेने झाडू हाती घेतला, कचरा रोज उचलला, अधिकारी रस्त्यावर उतरले, म्हणून. विज्ञानाने वेदना कमी करावी, हे इष्टच. पण वेदना गेली तरी शिस्तीची गरज जात नाही. सुई गेली आणि हयगय राहिली, तर मोडाशाचा अनर्थ दुसऱ्या रूपाने परत येईल.