जीप आजोबांची, इंजिन कोणाचे?

आपल्या भागातील अनेक व्यापारी घराण्यांत गोदामाच्या कडेला किंवा मळ्यातील शेडखाली एक जुनी जीप उभी असते. गुळाच्या हंगामात आजोबा तिच्यातूनच गुऱ्हाळांवर जात. गगनबावड्याचा पाऊसही तिने झेललेला असतो. ती विकवत नाही, आणि चालवावी तर इंजिन साथ देत नाही. मग घरातील तरुण म्हणतात, “नव्या गाडीचे इंजिन बसवू.” अलीकडे दोन-तीन परिचितांनी याविषयी सल्ला विचारला, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

इंजिन बदलणे ही जीपच्या इतिहासात नवलाई नव्हे. विलिस कंपनीची सीजे-३बी जीप १९५३ मध्ये आली ती इंजिन बदलूनच. नवे ‘हरिकेन’ इंजिन उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले. महिंद्रने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनविलेल्या जीपचा तो ओळखीचा उंच माथा यामुळेच आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तसा डिझेलकडे ओढा वाढला; पुढे कंपनीनेच प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन स्वीकारले.

कोल्हापुरात अशा कामाला हातांची वाण कधीच नव्हती. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथ, बोअरिंग सारे हाकेच्या अंतरावर, आणि शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले मेस्त्री. तरीही काम वाटते तितके सोपे नाही. डिझेल इंजिन जड. त्याचा भार पुढच्या पाट्यांवर येतो. इंजिन व गिअरबॉक्स यांमध्ये जोडप्लेट बनवावी लागते. तिचे केंद्र किंचित हुकले तरी क्लच आणि बेअरिंग टिकत नाहीत. वाढलेला जोर जुन्या गिअरबॉक्सला, अ‍ॅक्सलला आणि ब्रेकलाही सोसला पाहिजे. एक गंमत सांगतो. काही जुन्या जीपांचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही, त्यामुळे वेगळी सोय केली नाही तर ऐन पावसात काच पुसायची कशी, हा प्रश्न उभा राहतो!

मेस्त्री हेही निभावून नेईल. कागदांचे काय, हे मात्र त्याला विचारून उपयोग नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. सीएनजी, एलपीजी किंवा विजेसाठीच्या बदलाला अटींसह मुभा आहे. पण दुसऱ्याच कंपनीचे इंजिन आणून बसवणे त्यात येत नाही. भाडेखरेदीवरील वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही.

नोकरीत असताना वाहनकर्जाच्या फायलीत मी प्रथम इंजिन व चासिस क्रमांक वाचत असे. तारण दिलेल्या गाडीचे इंजिन परस्पर बदलले, तर तारणाचाच एक भाग नाहीसा झाला असे बँक समजते. विम्याच्या पॉलिसीवरही तेच दोन क्रमांक असतात. अपघातानंतर सर्व्हेअरला ते जुळले नाहीत तर दावा वादात सापडतो आणि भरपाईचा बोजा मालकावर, म्हणजे पेढीवर येण्याची भीती असते. भंगार बाजारातून आणलेले इंजिन कोणत्या गाडीचे, हाही प्रश्न उरतोच. पक्के बिल नसेल तर ते घेऊच नये.

माझे मत विचाराल तर मूळ इंजिनच उघडावे. बोअर करून स्लीव्ह व पिस्टन बदलावेत, क्रँक ग्राइंड करून घ्यावा. यात जोर फारसा वाढणार नाही, हे मान्य. पण ब्लॉकवरील क्रमांक कायम राहतो. ब्लॉकच फुटला असेल तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधावे आणि काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी परवानगी मागावी. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते. त्या तपासणीला जीप न्याल तेव्हा जुन्या इंजिनाचा क्रमांक दाखविणारे छायाचित्र, परवानगीचे पत्र आणि नव्याचे बिल एकाच फायलीत ठेवलेले असावे.