दाराशी बसलेला मुलगा

मुलांनो, रात्री वीज गेली की तुम्ही काय करता? आधी एक आरोळी ठोकता, मग "आई, काडेपेटी कुठेय?" म्हणत चाचपडत स्वयंपाकघराकडे निघता. पाच मिनिटांत कंटाळा येतो आणि दहा मिनिटांत भुताच्या गोष्टी सुरू होतात. होय ना?

आता अशी कल्पना करा, की हा अंधार दहा तासांचा आहे. सोबतीला फार तर एक मिणमिणता दिवा. तुमच्यासमोर एक लाकडी दार आहे. कोळशाची गाडी आली की ते उघडायचं, गाडी गेली की लगेच लावायचं. बोलायला कुणी नाही, खेळायला काही नाही. डोक्यावर शेकडो फूट जमीन आहे आणि तुमचं वय आहे दहा वर्षं!

हे काम करणारा एक मुलगा स्कॉटलंडमध्ये होता. त्याचं नाव जेम्स केअर हार्डी. आज त्याची आणि त्याच्या घरच्यांची गोष्ट सांगणार आहे.

पण आधी त्या दाराचं काय ते समजून घेऊ. खाणीत माणसं जमिनीखाली काम करतात, तेव्हा त्यांना वरून ताजी हवा पुरवावी लागते. शिवाय कोळशाच्या थरांतून मिथेन नावाचा वायू झिरपत असतो. तो हवेत ठराविक प्रमाणात मिसळला आणि एक ठिणगी पडली, की स्फोट! म्हणून हवा सतत खेळती ठेवायची. एका विहिरीतून ती आत यायची, बोगद्यांतून फिरायची आणि दुसऱ्या विहिरीतून बाहेर पडायची. पाटाचं पाणी शेताच्या कोपऱ्यापर्यंत पोचावं म्हणून शेतकरी मध्ये मातीचा बांध घालतो, पाहिलंय ना? खाणीतली दारं म्हणजे हवेचे बांधच. दार उघडं राहिलं तर हवा जवळच्या वाटेनं निघून जाणार आणि लांबच्या बोगद्यात वायू साचणार. म्हणजे बघा, खाणीतल्या सगळ्यात लहान पोराच्या हाती सगळ्यांचे जीव! त्याला एखादी डुलकी लागली, तर?

जेम्सचा जन्म १८५६ सालचा, तारीख १५ ऑगस्ट. (ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) घर म्हणजे एकच खोली. आई मेरी केअर शेतावर मोलकरीण होती. जेम्सचे जन्मदाते वडील त्याच्या घरात कधीच नव्हते. पुढे आईनं डेव्हिड हार्डी नावाच्या जहाजावरच्या सुताराशी लग्न केलं. हार्डी हे आडनाव मिळालं ते या वडिलांकडून, आणि केअर हे आईचं माहेरचं आडनाव. मोठेपणी सारं जग त्याला ओळखू लागलं ते 'केअर हार्डी' या नावानं. आईचं नाव त्यानं असं जन्मभर पुढे ठेवलं, ते मला फार आवडतं.

घरात पाठोपाठ भावंडं झाली. नऊ मुलांत जेम्स थोरला. शाळा? शाळेसाठी पैसा कुठला! सात-आठ वर्षांचा असल्यापासून तो कामाला लागला. आधी एका जहाज कंपनीत निरोप्या. मग जहाजांच्या कारखान्यात रिव्हेट तापवण्याचं काम. तिथे त्याच्या जोडीचा मुलगा उंचावरून पडून मेला, तेव्हा आईनं त्याला काढून घेतलं. वाचायला मात्र आईनंच घरी शिकवलं.

१८६६ साली क्लाइड नदीकाठच्या जहाज कारखान्यांना मालकांनी टाळं ठोकलं. सहा महिने कामगारांचा रोजगार बंद. वडील घरी बसून. दहा वर्षांचा जेम्स एका बेकरीवाल्याकडे पाव पोचवायचं काम करत होता, सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत. घरात तेवढीच कमाई. त्यातच पाठचा भाऊ तापानं अंथरुणाला खिळला. आईचे दिवस भरत आलेले. मग रात्री आजारी भावाजवळ बसायचं कुणी? जेम्सनंच. एका सकाळी त्याला कामावर जायला पंधरा मिनिटं उशीर झाला. ताकीद मिळाली. पुन्हा उशीर झाला. पावसात भिजलेला तो दुकानात पोचला, तर वर मालकाच्या घरी बोलावणं आलं. दाराबाहेर त्याला उभं केलं, कारण आत मालकांची प्रार्थना चालली होती! प्रार्थना आटोपली, दार उघडलं. मोठं टेबल, भोवती मालकाचं कुटुंब, समोर गरम नाश्ता. मालक म्हणाला, वक्तशीरपणा शिकायला हवा. नोकरी गेली आणि पगारही कापला.

पोरगं घरी जायच्या धीरानं किती तरी वेळ पावसात भटकत राहिलं. त्याच रात्री घरात बाळ जन्मलं. चुलीत विस्तव नव्हता आणि खायलाही काही नव्हतं. आजारी भाऊही पुढे गेला. ही हकीकत हार्डीनं स्वतःच नंतर लिहून ठेवली. त्या टेबलावरचा नाश्ता तो शेवटपर्यंत विसरला नाही.

वडील पुन्हा जहाजावर गेले. आई मुलांना घेऊन न्यूआर्टहिल या खाणींच्या गावी आली आणि जेम्स खाणीत उतरला. इंग्लंड-स्कॉटलंडात १८४२ च्या कायद्यानं दहा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना जमिनीखाली कामाला नेण्याची बंदी केली होती. जेम्सला दहा पूर्ण होते.

हिवाळ्यात तिकडे दिवस फार लहान. पहाटे अंधारात खाली उतरायचं, संध्याकाळी अंधारात वर यायचं. आठवड्यातून सूर्य दिसणार तो फक्त रविवारी, तोही कामाचे काही तास भरल्यावर.

इथे एखादा मुलगा कोमेजून गेला असता. काही जात असतीलही, त्यांच्या गोष्टी कोण लिहितो? जेम्स मात्र दिवसभराच्या कामानंतर रात्रशाळेत जाऊ लागला. शाळेत दिवे नव्हते. ज्यानं त्यानं आपापली मेणबत्ती घरून आणायची. दिवसभर अंधारात बसलेली पोरं रात्री स्वतःच्या मेणबत्तीच्या उजेडात धडे गिरवीत! मग त्याला लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड शिकायची हौस आली. खाणीत कागद कुठला आणायचा? त्यानं एक दगडी पाटी घेतली, दिव्याच्या धुरावर धरून काळी केली आणि दिव्याची वात सारखी करायच्या तारेच्या टाचणीनं तिच्यावर खुणा रेखाटायला सुरुवात केली. भरली की पुन्हा काजळी. तुमच्या दप्तरातल्या वह्या एकदा मोजून बघा बरं!

थोडा मोठा झाल्यावर त्याला घोडा हाकायचं काम मिळालं. कोळशाच्या गाड्या ओढायला खाणीत बुटके घोडे असत. त्याच्या घोड्याचं नाव होतं डोनाल्ड. जेम्स आपल्या बाटलीतला थंड चहा डोनाल्डला पाजी. हा डोनाल्ड आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

२२ ऑक्टोबर १८७७. हार्डीच्या वस्तीपासून काही मैलांवरच्या ब्लँटायरच्या खाणीत मिथेनचा भडका उडाला. २०७ माणसं आणि मुलं गेली. स्कॉटलंडच्या खाणींतला हा सगळ्यात मोठा अपघात. तेव्हा हार्डी एकवीस वर्षांचा होता. आपली बाजू मांडायला वाचता-लिहिता येणारा आणि चार लोकांत उभं राहून बोलू शकणारा माणूस खाण-कामगारांना हवाच होता. ते हार्डीकडे वळले. तो सभांतून बोलू लागला.

मालकांना हे रुचणार थोडंच! एके दिवशी हार्डी नेहमीसारखा पाळण्यात बसून खाली निघाला होता. (खाणीच्या विहिरीत माणसांना वर-खाली नेणाऱ्या लिफ्टला पाळणा म्हणतात.) अर्ध्या वाटेत पाळणा थांबला आणि उलटा वर आला. वर अधिकारी उभा होता. यापुढे एकही हार्डी या खाणीत नको, असं त्यानं बजावलं. हार्डीबरोबर त्याच्या दोन धाकट्या भावांचंही काम गेलं. त्यांनी काय केलं होतं? काही नाही. आडनाव तेच होतं, एवढंच. आजूबाजूच्या खाणींतही दारं बंद झाली. त्याच सुमारास, १८७९ साली, त्याचं लिली विल्सनशी लग्न झालं होतं. नवा संसार आणि हाताला काम नाही.

यापुढे आपण त्यांना अहोजाहो करू या. हार्डींनी एक छोटंसं दुकान टाकलं, वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली. खाणीत काजळलेल्या पाटीवर गिरवलेलं आता कामी आलं! १८८० च्या संपात त्यांच्या घरीच सूप शिजे आणि उपाशी कामगारांच्या घरी जाई. लोक त्याला 'बटाट्यांचा संप' म्हणू लागले, कारण खायला बटाट्यांशिवाय फारसं काही नव्हतं. रांधायचं काम लिलीबाईंकडे. संप फसला. पुढाऱ्यांची चरित्रं लिहिणारे अशा वेळी बायकोच्या वाट्याला काय आलं, ते एका ओळीत उरकतात, आणि जागा कमी म्हणून मीही तेच करतोय.

१८९२ साली हार्डी लंडनच्या वेस्ट हॅम भागातून पार्लमेंटवर निवडून आले. त्या काळी खासदारांना पगार नसे. तो सुरू झाला १९११ साली. म्हणजे खासदार व्हायचं तर घरी पैसा हवा. सगळे सभासद काळा लांब कोट आणि उंच रेशमी टोपी घालून येत. हार्डी आले ते जाडाभरडा लोकरी सूट आणि साधी टोपी घालून. एक किस्सा सांगतात. दारावरच्या पोलिसानं विचारलं, "इथे कामाला का?" हार्डी म्हणाले, "हो." "छपराच्या दुरुस्तीवर?" "नाही, खाली सभागृहात!"

आता मुख्य प्रसंग. २३ जून १८९४. वेल्समधल्या किल्विनिथ गावच्या खाणीत स्फोट झाला आणि २९० माणसं व मुलं मेली. त्याच दिवशी इंग्लंडच्या राजघराण्यात एक राजपुत्र जन्मला. काही दिवसांनी पार्लमेंटमध्ये राजपुत्राच्या जन्माबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. हार्डी उठले. अभिनंदन करा, पण त्याबरोबर त्या खाण-कामगारांच्या घरच्यांसाठी सहानुभूतीचे दोन शब्द घाला, एवढंच त्यांचं मागणं. ते नाकारलं गेलं. तेव्हा ते ठरावाच्याच विरोधात बोलायला उभे राहिले, अगदी एकटे. चहूकडून ओरडा चालला होता. त्यांनी असंही म्हटलं की हा मुलगा मोठा झाला की त्याला जगाच्या सफरीवर धाडतील, मग त्याच्या न शोभणाऱ्या लग्नाची आवई उठेल, आणि खर्च जनता भरेल.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. १८९५ च्या निवडणुकीत ते पडले. तो राजपुत्र म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड. १९२१ साली सफरीवर तो मुंबईलाही आला होता. त्या दिवशी परळला परदेशी कपड्यांची होळी पेटली होती. १९३६ साली तो राजा झाला आणि लग्नापायी त्याच वर्षी गादी सोडून बसला!

हार्डींच्या त्या दिवशीच्या भाषणाला उद्धट म्हणणारे अजूनही आहेत. बाळाच्या जन्माच्या वेळी असं बोलावं का, असं तुमच्या आईबाबांनाही वाटेल. मलाही वाचताना क्षणभर वाटलं. पण दार उघडायला बसलेली किती पोरं त्या २९० जणांत असतील, हा विचार सभागृहात एकाच माणसाच्या मनात येऊ शकत होता.

१९०० साली वेल्समधल्या मर्थरच्या खाण-कामगारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९०६ मध्ये मजूर पक्षाचे २९ खासदार आले आणि हार्डी त्यांचे पहिले पुढारी झाले. १९०७ साली ते भारतात आले. हिंदी लोकांना कारभारात वाटा द्या, असं म्हणाले म्हणून विलायतेत त्यांच्यावर आगपाखड झाली. तरी त्यांनी भारतावर पुस्तक लिहिलं, ते १९०९ मध्ये निघालं. आता ती तारीख आठवा. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो तेव्हा ब्रिटनमध्ये त्याच मजूर पक्षाचं सरकार होतं, आणि तो दिवस होता १५ ऑगस्ट. योगायोग, दुसरं काय!

१९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, हार्डी गेले. युद्धाला त्यांचा विरोध होता आणि त्यापायी मित्रही तुटले होते.

घरच्यांचं काय झालं? ज्या आडनावाला खाणीत मज्जाव झाला, त्या आडनावाचे जॉर्ज आणि डेव्हिड हे दोन भाऊ पुढे खासदार झाले. जॉर्जच्या निधनानंतर त्याची जागा त्याच्या बायकोनं, ॲग्नेसनं जिंकली. केअर हार्डींची मुलगी नॅन त्यांच्या कमनॉक गावाची नगराध्यक्ष झाली आणि जावईही खासदार झाला. एका खोलीतल्या मेरी केअरचं हे कुटुंब!

आणि डोनाल्ड? हार्डींच्या खिशात एक जुनं घड्याळ असे. पार्लमेंटमध्ये ते वेळ बघायला काढत तेच. त्या घड्याळावर दातांच्या खुणा होत्या. खाणीतल्या त्यांच्या लाडक्या घोड्यानं एकदा ते चावून पाहिलं होतं.