आग्र्याचे डिझेल, ग्वाल्हेरचा धूर

आमच्या ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्टनगरात एक वाक्य हमखास कानी पडते : "नवी इंजिने नाजूक, जुनी गाडी काहीही पचवायची." माझा एक माजी विद्यार्थी, आता चार ट्रकांचा मालक, परवा हेच ऐकवून गेला. "सर, सायलेन्सरमधला फिल्टरच काढून टाकला. कटकट मिटली!" माझा विषय इतिहास, रसायनशास्त्र नव्हे, पण गप्प बसवेना.

वाचकहो, जुनी गाडी पचवत नव्हती, ओकत होती. पचवत होतो आपण.

डिझेलमधल्या गंधकाचा जळून वायू होतो, पाण्याशी गाठ पडली की आम्ल. जुन्या इंजिनाला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. भारत स्टेज-६ च्या गाडीत मात्र धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक आणि काजळी अडवणारा फिल्टर असतो. गंधक पहिल्याला निकामी करते, मग दुसरा तुंबतो. म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत गंधक दहाच भाग, अशी मर्यादा आली. रेशनच्या रॉकेलला मुभा अडीच हजार भागांपर्यंत! शंभर लिटर डिझेलात असले दहा लिटर ओतले, तर मर्यादा वीसपटीहून अधिक ओलांडली जाऊ शकते. म्हणजे नाजूक इंजिन नव्हे, आपली नियत. ही भेसळ किरकोळ वाटते त्यांनी २५ जानेवारी २०११ आठवावा. मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले.

सरकारही धुतल्या तांदळाचे नाही. २०१० साली पन्नास भागांचे डिझेल निवडक शहरांनाच मिळाले. ताजमहालाचे आग्रा यादीत होते, तुमचे सोलापूरही होते. शेजारचे विजापूर नव्हते. आग्र्याहून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरचे ग्वाल्हेरही नव्हते. आमच्या वाट्याला साडेतीनशे भागांचे. संगमरवराला फुप्फुसांपेक्षा मान! आग्र्याला टाकी भरणारा ट्रक पुढे शिवपुरीलाही भरणारच; मग मालवाहू ट्रक जुन्याच मानकाचे विकले जात राहिले. देशभर एकच डिझेल व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्याआधीच, २०१६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांत ग्वाल्हेर जगात दुसरे आले होते. (सगळे पाप डिझेलचे नव्हे, धूळ आमची घरचीच.)

आता इंधन चांगले मिळते, तर आम्ही फिल्टरच काढतो! विद्यार्थ्याला म्हटले, "पक्क्या पंपावर भर, पावती घे, आणि तो फिल्टर परत बसव." मान डोलावून गेला. फिल्टर अजून गोदामात आहे, ट्रक भिंडच्या फेरीवर.