डोळ्यातला रक्तस्राव दुखत नाही

नृसिंहवाडीत दत्तदर्शन झाले की बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी ओघानेच आली. पण मधुमेह असलेल्यांनी डोळ्यांकडेही पाहावे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात; पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि रक्त डोळ्यात उतरते. दुखत काहीच नाही. अचानक काळे ठिपके, जाळी तरंगू लागते. मोतीबिंदू असेल म्हणून थांबणे इथे घातक आहे. लेझर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. गेलेली नजर मात्र पूर्ण परतेलच असे नाही. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. दिसत चांगले असले, तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून ही तपासणी करून घ्या. ठिपके दिसले तर त्याच दिवशी मिरज किंवा कोल्हापुरातला नेत्रतज्ज्ञ गाठा.