वस्त्रपरीक्षा आणि पुरुषांची घाई

चवथ किंवा दिवाळी जवळ आली म्हणजे कापडाच्या दुकानांतून एक जुनी थट्टा पुन्हा ऐकू येते. गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो, गृहिणी आणखी एक घडी उलगडून पाहत असते आणि दाराजवळच्या बाकावर बसलेले यजमान शेजारच्या यजमानांस म्हणतात, "आमचा सदरा पाच मिनिटांत झाला, हिचे दुपारपर्यंत आटोपले तरी पुष्कळ!" दोघेही हसतात, दुकानदारही हसतो. आम्हांस या हसण्यात सामील होता येत नाही. ज्या पाच मिनिटांचा अभिमान हे गृहस्थ मिरवितात, ती त्यांच्या व्यवहारचातुर्याची नव्हे, अज्ञानाची खूण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की दोघांचे काम एक नसते. यजमान स्वतःपुरता एक सदरा घेतात. गृहिणीस साऱ्या गोतावळ्याचे पाहावयाचे असते. सासूबाईंना काठ बारीक लागतो. नणंदेस गेल्या वर्षी हिरवा रंग दिलेला असतो. विहीणबाईंकडून आलेल्या आहेराच्या तोलाचे वस्त्र परत गेले पाहिजे. धुणेभांडी करणाऱ्या बाईंस रोजच्या धुण्यात टिकेल असे लुगडे हवे. आणि देवीच्या ओटीसाठी खण हवा. इतक्यांची आवड, वय आणि मान सांभाळून हे सर्व एका ठरीव रकमेत बसवावयाचे, आणि घरी गेल्यावर त्या रकमेचा हिशेबही तिनेच द्यावयाचा! यजमानांच्या सदऱ्याची किंमत त्यांस कोणी विचारीत नाही. ज्यास हिशेब द्यावयाचा नसतो, त्यास घाई परवडते.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. जाणती स्त्री इरकली लुगडे हाती घेते तेव्हा पदर अंगाला मिळतो तो सांधा पाहते. कारण अस्सल इरकलीत पदराचा ताणा निराळा असून तो अंगाच्या ताण्याशी गुंफलेला असतो. पैठणीचा पदर ती उलटा करून पाहते. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच उमटते. नकली मालाच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांची दाटी दिसते. रेशमाविषयी शंका आली तर एक धागा जाळून पाहावा, हे आमच्या आज्या जाणत होत्या. रेशमास केस जळल्याचा वास येतो; कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी बनते. आणि यजमान काय पाहतात? गळपट्टीवरील अंक आणि चिठ्ठीवरील छाप!

हा भेद जन्मजातच आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांचे स्मरण करावे. नागपुरी धोतराचा रेशीमकाठ उजेडात धरून पाहणारे आणि उपरण्याचा पोत चिमटीत तपासणारे पुरुषच होते. पुढे तयार सदरे आले, मापे अंकांत बसली आणि पुरुषांची दृष्टी अधू झाली. साडीस शिलाईचे माप नसते, म्हणून स्त्रियांची दृष्टी आजवर टिकली. तात्पर्य, हा प्रश्न स्वभावाचा नसून सवयीचा आहे. आणि सवय मोडते तशी लागतेही.

सर्वच स्त्रियांची खरेदी विवेकाची असते, असे आमचे म्हणणे नाही. शेजारणीवर मात करण्यासाठी घेतलेल्या आणि एकदा नेसून कपाटात पडलेल्या साड्या आम्हीही पाहिल्या आहेत. मोबाईलच्या पडद्यावरील चित्र पाहून मागविलेल्या साडीस हाताचा स्पर्शच झालेला नसतो. तेथे स्त्रीही पुरुषाइतकीच आंधळी. परंतु हा दोष घाईचा आहे, चोखंदळपणाचा नव्हे. दुकानात बसून थट्टा मात्र चोखंदळपणाचीच होते.

या थट्टेचे फळ आमच्या देवळांपर्यंत पोहोचले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. उत्सवाच्या साड्या आणि खण अनेक ठिकाणी समितीचे दोघे गृहस्थ पाच मिनिटांत नगावर घेऊन येतात. कृत्रिम धाग्याची ती चकचकीत वस्त्रे देवीच्या अंगावर चढतात. समईच्या ज्योतीस वा कापराच्या आरतीस लागली तर वितळून चिकटतात. पुढे त्यांची पावणी होते, किंवा ती प्रसाद म्हणून वाटली जातात. घरी नेल्यावर ती कोणी नेसत नाही. आपल्या लेकीस जे देणार नाही ते जगन्मातेस द्यावे, ही कोणती भक्ती?

आणि यात केवळ देवीचा मान गुंतलेला नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील हातमाग कामगारांची संख्या सुमारे ३५ लाख भरली, आणि त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. इरकलचे लुगडे, गुळेदगुड्डचा खण, चंदेरी, महेश्वरी ही वस्त्रे त्यांच्या हातांची. इंदूरच्या वाचकांस सांगावयास नको की अठराव्या शतकात महेश्वरास विणकर वसवून त्या गावास वस्त्राचे नाव मिळवून देणाऱ्या अहिल्याबाई होळकर होत्या. पारखणारी दृष्टी असेल तर माग चालतो. ती गेली की माग थांबतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. येत्या उत्सवाची वस्त्रखरेदी देवस्थान समित्यांनी गावातील जाणत्या स्त्रियांकडे सोपवावी. त्यांस रक्कम द्यावी, वेळ द्यावा आणि घाई करू नये. नगांची संख्या निम्मी झाली तरी चालेल. देवी साड्या मोजीत नाही. आणि यजमानांनी दाराजवळचा बाक सोडून गादीवर येऊन बसावे, पदर उलटा करून पाहण्यास शिकावे. त्यांचा एक तास जाईल हे खरे. पण पुढच्या वर्षी हसण्यापूर्वी ते क्षणभर थांबतील.