नमाजातील शरीराची शिस्त

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. येथील मराठी घरांत अजानचा स्वर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे. धारची लाट मशीद तर दिलावरखान घोरीने १४०५ साली, म्हणजे पवार येथे येण्यापूर्वी तीन शतकांहून अधिक काळ आधी बांधली. इतका जुना शेजार असूनही नमाज पढताना शेजारी उठतो, वाकतो, कपाळ टेकतो ते कोणत्या नियमाने, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

मक्केच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेस, तोंड करून उभे राहणे हा कियाम. हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ सपाट राहील असे वाकणे हा रुकू. पुन्हा सरळ उभे राहून मग सजदा करावयाचा. त्यात नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे व दोन्ही पावलांची बोटे अशी सात अंगे भूमीस लागतात. कोपरे मात्र टेकावयाची नाहीत. दोन सजद्यांमध्ये क्षणभर बसावयाचे. अशा एका आवर्तनास रकअत म्हणतात. पाच वेळच्या नमाजांत मिळून सतरा रकअती अनिवार्य आहेत.

कोणी म्हणेल, देव भावाचा भुकेला. मग पाठ सपाट की वाकडी, याची चिकित्सा कशाला? हदीसमधील एक प्रसंग याचे उत्तर देतो. एकाने घाईने नमाज उरकली. पैगंबरांनी त्यास पुन्हा नमाज पढावयास तीनदा परत पाठविले आणि शेवटी प्रत्येक स्थितीत अंग स्थिर होईपर्यंत थांबावयास शिकविले.

नियमांत कठोरता आहे, तशी करुणाही आहे. ज्यास उभे राहवत नाही त्याने बसून, बसवत नसल्यास पडून नमाज पढावी. हात बांधण्याच्या रीतीही एक नाहीत. हनफी पंथीय पुरुष नाभीखाली हात बांधतात. कोकणातील शाफई पंथीय नाभीच्या वर. स्थैर्य मात्र दोघांनाही आवश्यक आहे.

आमच्या मते यातील मर्म सर्वच धर्मीयांनी घेण्याजोगे आहे. उस्ताद रजब अली खाँ व पंडित कुमार गंधर्व यांच्या देवासात स्वर ठरल्यावाचून गाणे होत नाही, हे निराळे सांगावयास नको. शरीर जेथे धावत असते तेथे मन कसे ठरावे? नमाज असो, संध्या असो वा शाळेतील सामुदायिक प्रार्थना असो, ती उरकावयाची नसते, करावयाची असते. आणि शेजाऱ्याच्या उपासनेचा अर्थ ज्यास कळला, त्याच्या मनी तिच्याविषयी आदर सहजच उपजतो.